कॅशबॅक वहीत लिहायचा कुठं?

आमच्या घरात हिशोबाची वही बायको लिहिते. मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या अकाउंट्समध्ये दिवसभर दुसऱ्यांचे डेबिट-क्रेडिट बघत असतो, तर घरचा हिशोब मीच लिहावा असं कुणालाही वाटेल, मलाही वाटायचं, आणि चार महिने लिहिलाही. मग एक मिक्सर आला आणि वही माझ्या हातनं गेली.

२०२१ ची गोष्ट. नवीनच क्रेडिट कार्ड आलं होतं, ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के कॅशबॅक. मिक्सर मागवला ४,२०० चा. त्याच दिवशी वहीत लिहिलं, मिक्सर ४,२००. पुढं कार्डाचं बिल भरलं, तेही लिहिलं, कार्ड बिल ४,२००. त्यानंतर कॅशबॅक पडला २१० रुपये, तो जमेच्या बाजूला पगाराच्या खाली लिहून वर लाल पेनानं गोल पण केला, कारण फुकट पैसे मिळाले म्हटल्यावर माणसाचं तसं होतंच. महिनाअखेरीला ताळा घालायला बसलो तर वहीपेक्षा बँकेत ३,९९० रुपये जास्त. कमी असते तर कुठंतरी खर्च लिहायचा राहिला म्हणून सोडून दिलं असतं, पण जास्त कसे? दोन रात्री डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी बायकोनं वही ओढून घेतली, वरनं खाली बोट फिरवलं आणि म्हणाली, "मिक्सर एकच आलाय की घरात, मग पैसे दोनदा कसं काय गेलं?"

झालं. ४,२०० मी दोनदा खर्ची घातले होते, आणि २१० बँकेत आलेच नव्हते, ते कार्डाच्या खात्यात पडले होते. ४,२०० वजा २१० म्हणजे ३,९९०. अकाउंट्सवाल्याची चूक अकाउंट्स न शिकलेल्या बाईनं काढली, त्या दिवसापासून वही तिच्याकडं.

ही चूक माझ्या एकट्याची नाही हे नंतर कळलं. ऑफिसात, भिशीत, ज्यांच्या ज्यांच्याकडं कार्ड आहे त्यातले निम्मे लोक हिशोब लिहीतच नाहीत आणि जे लिहितात ते असंच कुठंतरी अडकतात. म्हणून जरा सविस्तर.

क्रेडिट कार्ड म्हणजे नवीन काही नाही हो, गल्लीतल्या दुकानातलं खातं. लहानपणी आई मला वही घेऊन पाठवायची, अर्धा किलो साखर, पावशेर शेंगदाणे, दुकानदार आपल्या वहीत पण लिहायचा आणि आमच्या वहीत पण, आणि पगार झाला की बाबा जाऊन खातं मिटवायचे. साखर खर्ची कधी पडली? घरात आली त्या दिवशी. बाबांनी सात तारखेला पैसे दिले तो खर्च नव्हता, ती उधारी फेडली. कार्डाचंही तेच. स्वाइप केलं, त्या दिवशी त्या त्या नावानं खर्च लिहायचा, किराणा असेल तर किराणा, औषध असेल तर औषध. बिल भरायच्या दिवशी खर्चात काहीच लिहायचं नाही, फक्त उधारीच्या रकान्यातनं रक्कम उडवायची. वहीत "कार्ड बिल" असं खर्चाचं नाव जर दिसलं तर समजायचं की गडबड आहे, कारण कार्ड कुणी खात नाही आणि नेसत पण नाही.

आता कॅशबॅक. तोच दुकानदार नवीन वर्षाला कॅलेंडर द्यायचा, दिवाळीला एखादं मोती साबण. ते त्याच्या खिशातनं यायचं असं आम्हाला वाटायचं, आई म्हणायची वर्षभर साखरेत घेतलंय त्यानं. कार्डाच्या मागं पण हाच कारभार आहे, फक्त माणसं जास्त. आपण शंभर रुपयाचं कार्ड मारलं की दुकानदाराला शंभर मिळत नाहीत, साधारण दीड-दोन रुपये मधे कापले जातात, त्याला एमडीआर म्हणतात. त्यातला मोठा भाग ज्या बँकेनं आपल्याला कार्ड दिलंय तिच्याकडं जातो, थोडा दुकानदाराच्या बँकेला, थोडा रुपे-व्हिसा-मास्टरकार्ड जे कोण असेल त्याला. आपली बँक त्या आपल्या वाट्यातनं एक टक्का आपल्याला परत देते आणि वर मेसेज पाठवते, अभिनंदन. पाच टक्के देणारी कार्डं असतात तिथं बहुतेक ती ऑनलाइन कंपनी पण हातभार लावते, जाहिरातीचा खर्च म्हणून. आणि बाकीचा पैसा येतो कुठनं, तर जे लोक बिल पूर्ण भरत नाहीत त्यांच्या व्याजातनं. म्हणजे तुमच्या-माझ्या कॅशबॅकमध्ये कुणाचं तरी व्याज असतंय, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तसं आहे.

यूपीआयवर कॅशबॅक का मिळत नाही, नुसतं स्क्रॅच कार्ड आणि "बेटर लक नेक्स्ट टाइम" का, त्याचं उत्तरही इथंच आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाला एमडीआर शून्य आहे. मधे काही कापलंच जात नाही तर परत देणार कशातनं? ही पद्धत निघाली तिकडं अमेरिकेत, १९८६ साली डिस्कव्हर नावाचं कार्ड आलं त्यानं खर्चाचा थोडा हिस्सा रोख परत द्यायला सुरुवात केली आणि मग सगळे त्याच्या मागं लागले.

तर हा पैसा उत्पन्न की सूट? आमच्याकडं यावर भांडण झालंय म्हणून सांगतो. आईला गृहलक्ष्मीचे २,००० येतात, कर्नाटक सरकार २०२३ पासून घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर देतंय ते. बायको ते जमेत लिहिते, बरोबरच आहे, ते बाहेरनं आले, त्यासाठी घरातनं काही गेलं नाही. मी म्हटलं मग कॅशबॅक पण जमेत लिही की, तोही बाहेरनंच आलाय. ती म्हणाली गृहलक्ष्मीसाठी आईंनी काय खरेदी केलं? कॅशबॅक पायजे तर आधी खर्च करावा लागतोय, खर्च केला नाही तर शून्य. त्यामुळं तो पगाराच्या शेजारी बसूच शकत नाही. तो ऱ्हायला तर खर्चाच्या बाजूला, वजाच्या चिन्हासकट. मिक्सर ४,२०० ला नाही, ३,९९० ला पडला, फक्त २१० ची सूट दुकानात न मिळता दीड महिन्यानं मिळाली. हे नुसतं शब्दांचं भांडण वाटेल, पण जमेत लिहिलं की डोक्यात उत्पन्न वाढल्याचा भास होतो आणि तेवढा खर्च आपोआप वाढतो, हे मी स्वतःवरनं सांगतोय, त्या २१० च्या जिवावर आम्ही त्याच आठवड्यात हॉटेलात ६०० उडवले होते.

मग सूट आहे तर ३,००० च्या किराण्यातनं ३० कॅशबॅक वजा करून २,९७० च लिहायचा का? तसंही करू नये असं माझं मत झालंय. एकतर प्रत्येक वस्तूचा कॅशबॅक वेगळा काढत बसायला कुणाला वेळ आहे. दुसरं म्हणजे पुढच्या वर्षीचं बजेट आपण ह्या वर्षीच्या आकड्यावरनं बांधतो, आणि कार्डवाल्यांच्या अटी बदलत असतात, आज पाच टक्के, उद्या दोन, परवा "ह्या प्रकारच्या खर्चावर लागू नाही". किराणा पूर्ण किमतीला लिहिला असेल तर अटी बदलल्या तरी बजेट हलत नाही. आमच्या वहीत म्हणून महिन्याच्या पानाच्या एकदम खाली एक ओळ आहे, "कार्ड सूट", तिथं तो एक आकडा, बाकी वर सगळं पूर्ण किमतीत.

आता खरा महिना बघू, म्हणजे कळेल की कशाच्या मागं आपण धावतोय. अनगोळात भाड्यानं राहणारं पाच माणसांचं घर, आमचंच. भाडं ८,०००. दूध, भाजी, रविवारचं मटण, हे सगळं रोख नाहीतर यूपीआय, ६,५००. शाळा, ट्यूशन आणि रिक्षा ५,०००. किराणा ६,०००, त्यातला निम्मा गल्लीतल्या दुकानातनं, निम्मा मार्टमधनं कार्डावर. पेट्रोल २,४००. गॅस, तीन मोबाईल आणि नेट मिळून २,४००. ऑनलाइन सटरफटर १,५००. भिशी २,०००. एकूण ३३,८००. लाईट बिल यात का नाही म्हणाल तर गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, २०० युनिटच्या आत आहोत, वीज कंपनी हेस्कॉमचं बिल शून्य येतंय, शून्यावर कसला आलाय कॅशबॅक.

तेहतीस हजार आठशेमधले कार्डावर किती गेले? मार्ट ३,०००, पेट्रोल २,४००, गॅस-मोबाईल २,४००, ऑनलाइन १,५००, मिळून ९,३००. आणि कॅशबॅक? ऑनलाइनवर पाच टक्के, ७५ रुपये. मार्टवर एक टक्का, ३० रुपये. गॅस-मोबाईलवर आमच्या कार्डाला काही नाही, पेट्रोलवर पण नाही. म्हणजे १०५ रुपये. जाहिरातीत पाच टक्के मोठ्या अक्षरात, आणि आमच्या घरखर्चाला प्रत्यक्षात पडला टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. पुष्कळ लोकांना वाटतं की पाच टक्के म्हणजे महिन्याला दीड हजार सुटले. नाही हो सुटत. भाडं, सोनं, विमा, सरकारी भरणा, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, ईएमआय, अशी वगळलेल्या खर्चांची यादी प्रत्येक कार्डाला असते, कुठल्या कार्डाला कुठली ते अटीत बघावं लागतं, आणि वर महिन्याची कमाल मर्यादा असते ती वेगळीच. पॉइंट देणारं कार्ड असेल तर आधी पॉइंटचा भाव विचारायचा. शंभर रुपयाला दोन पॉइंट ऐकायला छान वाटतंय, पण एक पॉइंट जर पंचवीस पैशाचा असेल तर झाला अर्धाच टक्का.

पेट्रोलचं जरा वेगळं आहे. पंपावर कार्ड मारलं की एक टक्का सरचार्ज लागतो आणि त्याच्यावर १८ टक्के जीएसटी. बहुतेक कार्डं सरचार्ज परत देतात, साधारण ४०० च्या वरचं पेट्रोल भरलं तर, पण जीएसटी परत येत नाही. १,२०० चं पेट्रोल, १२ रुपये सरचार्ज, २ रुपये १६ पैसे जीएसटी, १२ परत आले, २ रुपये १६ पैसे गेले. कॅशबॅक शून्य. म्हणजे जिथं पुष्कळ लोक कार्ड वापरतात तिथं उलटे दोन रुपये जातात. आता आपल्याकडच्या लोकांना पेट्रोलचा हिशोब शिकवायची गरज नाही म्हणा, गोव्याला गेलेला माणूस चोर्ला घाट चढायच्या आधी टाकी फुल केल्याशिवाय परत येत नाही आणि निपाणीकडची मंडळी कोल्हापुराहून येताना अलीकडच्या पंपाची वाट बघत येतात. लिटरमागचा फरक ज्याला तोंडपाठ आहे तोच माणूस कार्डावरच्या एक टक्क्याला भुलतो, हे मला कोडंच आहे.

दुकानातली गोष्ट. गणपत गल्लीत, खडेबाजारात अजून पुष्कळ ठिकाणी "कार्ड इल्ला री, फोनपे माड्री", म्हणजे कार्ड नाही, फोनपे करा, असंच ऐकायला मिळतं, आणि त्याचं चुकतही नाही, दोन टक्के त्याला परवडत नाहीत. कुठं घेतात तिथं हळूच म्हणतात, कार्डाला दोन टक्के जास्त पडतील. सराफाकडं ५०,००० ची अंगठी घेतली आणि दोन टक्के जास्त दिले तर १,००० गेले, एक टक्का कॅशबॅक मिळालाच तर ५०० आले, आणि दागिन्यांवर बऱ्याच कार्डांचा तो पण मिळत नाही. तेव्हा सरळ विचारायचं, रोख किंवा यूपीआय दिलं तर किती कमी करता. बहुतेक वेळा उत्तर कॅशबॅकपेक्षा मोठं असतं. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंत त्याचे चार्जेस पण लागत नाहीत, त्यामुळं स्कॅन करून कार्ड चालतंय बऱ्याच ठिकाणी. पण मग दहा रुपयाच्या कोथिंबिरीपासून सगळं उधारीवर जातं आणि वहीत लिहायला राहून जातं. आम्ही बंद केलं ते.

आणि काही खरेदी अशी असते की तिथं कार्डाचं नाव पण काढायचं नाही. आमची वर्षाची मिरची संकेश्वरी, थोडी ब्याडगी, मार्चमध्ये एकदम घेतो, रोख. तांदूळ येळ्ळूरच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडनं पोत्यानं, तोही रोख. दोन्हीकडं सीझनला घेतल्यामुळं जे वाचतं त्याच्या जवळपास पण कॅशबॅक जात नाही. मागं एकदा मी मार्टच्या ऑफरमध्ये वर्षाचा तांदूळ कार्डावर घ्यायचा विषय काढला होता, आईनं फक्त माझ्याकडं बघितलं.

आता तारखा, कारण सगळ्यात जास्त पैसा इथं जातो. समजा बिल निघतं १८ तारखेला आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्यात ७. तर १९ जुलैला घेतलेली वस्तू १८ ऑगस्टच्या बिलात येते आणि ७ सप्टेंबरला भरायची, पन्नास दिवस बिनव्याजी. तीच वस्तू १७ ऑगस्टला घेतली तर एकवीस दिवस. म्हणून मोठी खरेदी बिल निघाल्यावर दोन दिवसांनी करायची. आमचा पगार सात तारखेला, तोही कधी संध्याकाळी, आणि ड्यू डेट पण सात, दर महिन्याला जीव टांगणीला. बिलाची तारीख बदलून मागता येते हे मला खूप उशिरा कळलं, रिझर्व्ह बँकेनं ती सोय ठेवायला सांगितलीय, निदान एकदा तरी बदलता येते. फोन केला आणि बिलाची तारीख पुढं घेतली, आता ड्यू डेट पगारानंतर आठवड्यानं येते.

पण त्याच्या आधी जे घडलं ते सांगायलाच पाहिजे. मिक्सरनंतर दोनेक महिन्यांनी बिल आलं ९,३३८. ॲपमध्ये कॅशबॅक दिसत होता १०५. मी म्हटलं हे आपलेच आहेत, वजा करून भरू, भरले ९,२३३. माझ्या हिशोबानं खातं मिटलं. पुढच्या बिलात व्याज आणि जीएसटी धरून साडेतीनशेच्या वर लागलेले. फोनवर वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एका मुलीनं समजावलं, सर, कॅशबॅक पुढच्या बिलात जमा होणार होता, ह्या बिलात नाही, तुम्ही १०५ कमी भरलेत. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपली, मग प्रत्येक वस्तूला ती घेतली त्या दिवसापासनं व्याज, आणि नवीन खरेदीला पण पहिल्या दिवसापासनं. कमी होते फक्त १०५, पण व्याज जवळपास सगळ्यावर लागलं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, त्यावर जीएसटी. आमच्या पतसंस्थेत एवढं व्याज मागितलं तर लोक मोर्चा काढतील.

तेव्हापासून नियम असा की ॲपमध्ये काय दिसतंय ते बघायचंच नाही, बिलावर "एकूण देय रक्कम" म्हणून जो आकडा छापलाय तो पैशासकट भरायचा. कॅशबॅक त्यातनं आधीच वजा झाला असेल तर झाला, नसेल तर पुढच्या महिन्यात होईल. किमान रक्कम, म्हणजे ते पाच टक्के की काय लिहिलेलं असतं शेजारी, आपल्या ९,३०० ला साधारण ४६५, तिकडं ढुंकून बघायचं नाही, ते भरलं तर फक्त दंड वाचतो, व्याज सुरूच. तारीख चुकलीच तर तीन दिवसांच्या आत भरून टाका, ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एटीएममधनं क्रेडिट कार्डावर रोख कधीच काढू नका, त्याला बिनव्याजी दिवस नसतात आणि फी वेगळी.

वर्षाचा हिशोब. महिन्याला १०५ म्हणजे १,२६०. कार्डाची वार्षिक फी ४९९, जीएसटी धरून ५८९. राहिले ६७१. एकदा बिल महिनाभर विसरलो तर ९,३०० वर साडेतीन टक्के आणि जीएसटी, ३८४, लेट फी ५०० धरली तर जीएसटीसह ५९०, झाले ९७४. बारा महिन्यांची सूट एका विसरण्यात गेली आणि वर ३०३ घरातले. म्हणून वहीत मार्चअखेरीला एकच ओळ लिहायची, सूट एवढी, फी एवढी, व्याज-दंड एवढा, उरलं एवढं. उणे आलं तर कार्ड बंद करायचं. बंद करायला सांगितल्यावर आणि काही देणं बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये आपल्याला द्यावे लागतात. माझ्या एका मित्राला बंद करतो म्हटल्या म्हटल्या फी माफ झाली, ते पण विचारून बघायला हरकत नाही.

एक बारीक गोष्ट पाहुण्यांची. सणाला ऑफर लागली की भावजींचा फोन येतो, तुझ्या कार्डावर मोबाईल घेतो, मी महिन्याला देतो. ३८,००० चा मोबाईल, कॅशबॅक आपल्याला, कुणाला नको वाटेल. पण बिल पूर्ण भरायचंय आपल्याला आणि पैसे येणार हप्त्यानं, आणि नात्यात तारीख विचारता येत नाही. शिवाय वर्षात कार्डाची बिलं दहा लाखांच्या वर भरली, किंवा लाखावर रोखीनं भरली, की बँक ते आयकर खात्याला कळवते, तेव्हा सगळ्या गावाची खरेदी आपल्या कार्डावर करणाऱ्यांनी जरा सांभाळून. आम्ही सांगतो, पैसे आधी ट्रान्सफर करा मग ऑर्डर मारतो. एक भावजी वर्षभर बोलत नव्हते.

आता बायकोची पद्धत, जी मला अजून कुठं लिहिलेली दिसली नाही. कार्ड मारलं की त्याच रात्री ती वहीत पेननं खर्च लिहिते आणि तेवढे पैसे पगाराच्या खात्यातनं दुसऱ्या एका खात्यात सरकवते, ज्याचं एटीएम कार्ड पण आम्ही घेतलेलं नाही. बिल आलं की त्याच खात्यातनं भरायचं. त्यामुळं उधारीवर जगतोय असं होतच नाही, पैसे गेलेलेच असतात, फक्त बँकेला उशिरा मिळतात. कॅशबॅक किती येणार ते ती पेन्सिलीनं खालच्या ओळीत लिहिते. बिलावर छापून आला की पेन्सिलीवरनं पेन फिरवायचा, तोपर्यंत तो पैसा नाहीच.

आणि पेन फिरवला की एक काम लगेच. कॅशबॅकमुळं बिल कमी आलं, समजा १०५ नी, तर ते १०५ त्या दुसऱ्या खात्यात उरतात. ते तसेच ठेवले तर कुठं गेले कळत नाही, मला तर चार महिने कळलं नव्हतं, सूट मिळतेय मिळतेय म्हणत होतो आणि शिल्लक काही दिसत नव्हती. म्हणून ती तेवढे रोख काढून आणायला लावते आणि देवघराखालच्या कुंदा मिठाईच्या रिकाम्या डब्यात टाकते. १०५ चे १०० झाले तर पाच रुपये माझ्या खिशातले. गेल्या वर्षी गणपतीला डबा उघडला, मखराचं सामान त्यातनं आलं, थोडे कमी पडले.

ऑगस्टच्या पानावर सध्या पेन्सिलीतले ९२ आहेत. त्यातले ३५ खोडावे लागणार आहेत, ७०० ची चप्पल मागवली होती, साइझ लहान निघाली म्हणून परत गेली, आणि वस्तू परत गेली की तिचा कॅशबॅक पण परत जातो. खोडरबर कुठं आहे ते सापडेना म्हणून काल ते तसंच ऱ्हायलंय.